पॉलिस्टर उसवताना

बाई, पीएच.डी.ची नोंदणी झाल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. पॉलिस्टरच्या कचऱ्याचं रासायनिक पुनर्चक्रीकरण आणि त्यासाठी उत्प्रेरकांची रचना, हा विषय वाचून दाखवताना ती दोनदा अडखळली. मी म्हटलं, ताई, घाबरू नको. आपली आई जे करायची तेच पोरगी करणार आहे. जुनं उसवणार आहे.

आजीला गोधडी शिवताना तू पाहिलंस, उसवताना पाहिलं नसशील. अकोल्याच्या जुन्या घरात उन्हाळ्याच्या दुपारी ती ओसरीवर बसून जुन्या गोधड्यांचे टाके काढायची. कात्री शेजारीच असायची, पण ती कापडाला लावायची नाही. सुईचं टोक टाक्याखाली घालायची, टाका जरासा उचलायची आणि तेवढाच तोडायची. "कापड फाडलं त चिंधी होते माय, टाका काढला त लुगडं राह्यते," असं म्हणायची. पुढं आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, पण बहुलक उलगडण्याची याहून नेमकी व्याख्या मला सापडली नाही.

पाण्याची बाटली आणि टेरीकॉटच्या सदऱ्यातलं पॉलिस्टर एकाच धाग्याची. एका बाजूला टेरेफ्थॅलिक आम्ल, दुसऱ्या बाजूला एथिलीन ग्लायकॉल, आणि मधे एस्टरचा टाका. बाटली वितळवून पुन्हा घडवली की साखळ्या तुटून आखूड होतात, रंग पिवळा पडतो. दोन-चार फेऱ्यांत चिंधीच. एस्टरचा टाका नेमका काढला तर मूळ कच्चा माल हाती येतो आणि त्यातून नवाकोरा धागा निघतो. उत्प्रेरक ही ती सुई. दर उन्हाळ्यात एम.एस्सी.च्या पोरांकडून मी हे प्रयोग करून घेतले. त्यातून जे हाती लागलं आणि शोधनिबंधांत सहसा लिहिलेलं नसतं, ते तुला सांगून ठेवतो.

१. आधी भंगाराच्या दुकानात जा, मग ग्रंथालयात

तुझ्या मार्गदर्शकांकडे पॉलिस्टरचे शुद्ध, पांढरे दाणे असतील. त्यावर कुठलाही उत्प्रेरक चांगला चालतो. पहिल्या आठवड्यात अमरावतीच्या एखाद्या भंगारवाल्याकडे जा आणि दोन तास नुसतं बघत उभी राहा. तो बाटली हातात घेतो, दाबतो, आवाज ऐकतो आणि न बघता योग्य ढिगात फेकतो. पारदर्शक वेगळी, हिरवी वेगळी, तेलाची वेगळी. तेलाची का वेगळी, ते त्याला विचार. चिकटलेलं तेल धुवायला लागणारा सोडा आणि पाणी यांचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. त्याला "दादा" म्हणून विचार, पायरीवर बसून चहा घे. तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्या ढिगाऱ्यात आहे.

परत येशील तेव्हा एका वहीत लिही: या कचऱ्यात पॉलिस्टरखेरीज काय काय आहे? झाकण, लेबल, लेबलाचा डिंक, रंग, ओल, माती. ही यादी म्हणजे तुझ्या उत्प्रेरकाच्या शत्रूंची यादी. ती हाताशी असेल तरच रचना कशासाठी करायची ते कळेल.

२. पाण्यात बुडालं म्हणजे पॉलिस्टरच, असं नाही

तुकडे पाण्यात टाकले की झाकणांचं पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलीन तरंगतं, पॉलिस्टर बुडतं. त्याची घनता १.३८ च्या आसपास. पण पीव्हीसीही बुडतं, त्याची घनता जवळजवळ तेवढीच. आणि आपल्या कामात पीव्हीसीइतका वाईट पाहुणा दुसरा नाही. ते तापलं की हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायला लागतं. तुझा उत्प्रेरक अल्कधर्मी असेल तर ते आम्ल त्याला तिथंच निकामी करतं. मिश्रण काळवंडतं आणि तू आठवडाभर दोष रचनेत शोधत बसतेस.

यावर जुना उपाय आहे. तांब्याची तार ज्योतीत लाल कर, ज्योत रंगहीन होईपर्यंत. मग ती तार संशयास्पद तुकड्याला टेकव आणि पुन्हा ज्योतीत धर. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे. हे धूरकपाटातच करायचं, कारण तो धूर चांगला नसतो. यंत्राची पाळी येण्याची वाट बघावी लागत नाही, एका मिनिटात निकाल मिळतो.

३. दोन्ही हातांनी काम करणारा उत्प्रेरक शोध

ग्लायकॉलच्या मदतीनं टाका काढायचा असतो तेव्हा दोन कामं एकदम व्हावी लागतात. एस्टरमधल्या कार्बोनिलच्या ऑक्सिजनला कुणीतरी ओढून धरलं पाहिजे, म्हणजे कार्बन उघडा पडतो. आणि ग्लायकॉलच्या हायड्रोजनला कुणीतरी सैल केलं पाहिजे, म्हणजे ग्लायकॉलचा ऑक्सिजन त्या कार्बनवर जाऊन बसतो. आजीचा एक हात टाका उचलायचा, दुसरा सुई चालवायचा. एका हातानं उसवणं होत नाही.

झिंक अॅसिटेट इतकी वर्षं सगळ्यांच्या वापरात आहे ते यामुळंच. झिंक कार्बोनिलला धरतं, अॅसिटेट हायड्रोजनला सैल करतं. झिंक ऑक्साइडच्या पृष्ठभागावर आणि मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमच्या मिश्र ऑक्साइडवर हीच दोन्ही कामं करणारी ठाणी शेजारी-शेजारी असतात. रचना करताना कागदावर दोन रकाने आख: कोण धरतं, कोण सैल करतं. एखादा रकाना रिकामा राहिला तर पुढं जाऊ नको.

आणखी एक गोष्ट. धरणं हवं, पण सोडणंही हवं. पकड ढिली असली तर काम होत नाही, घट्ट असली तर तयार झालेला रेणू ठाण्यावरच चिकटून राहतो आणि पुढच्याला जागा मिळत नाही. सॅबातिए नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं शंभर वर्षांपूर्वी सांगितलेलं हे तत्त्व अजूनही पहिलं आहे.

छिद्रांच्या मोहातही पडू नको. झिओलाइटचं क्षेत्रफळ मोठं दिसतं, पण त्याची भोकं एक नॅनोमीटरच्याही आत असतात. पॉलिस्टरची लांबलचक साखळी त्यात शिरणार कशी? बाजेच्या भोकातून बैल जात नाही. मोठ्या छिद्रांचा, थोड्या कमी क्षेत्रफळाचा पदार्थ पुष्कळदा पुढं निघतो.

४. जी सुई उसवते, तीच शिवते

माझ्याकडून एकच गोष्ट न्यायची असेल तर ही ने. उत्प्रेरक समतोल बदलत नाही. तो जाण्याची वाट जितकी सोपी करतो, तितकीच येण्याचीही करतो. पॉलिस्टर आणि ग्लायकॉल यांच्यापासून बीएचईटी, म्हणजे टेरेफ्थॅलिक आम्लाच्या दोन्ही टोकांना ग्लायकॉल जोडलेला छोटा रेणू, तयार होतं, आणि दोन बीएचईटी ग्लायकॉल सोडून पुन्हा जोडलेही जातात. आज उसवायला वापरलेलं झिंक उद्या शिवायलाही बसतं.

म्हणून माझ्या एका विद्यार्थ्याचं सोन्यासारखं उत्पन्न हातचं गेलं होतं. विक्रिया छान झाली. मग जादा ग्लायकॉल काढून टाकायला त्यानं निर्वातात ऊर्ध्वपातन लावलं, आणि झिंक आतच होतं. ग्लायकॉल जसजसं निघत गेलं तसतसं बीएचईटी पुन्हा जोडलं गेलं. फ्लास्कच्या तळाशी घट्ट पांढरा थर जमला. गरम पाण्यात तो विरघळेना. रात्रभराची मेहनत दोन तासांत पुन्हा शिवली गेली.

लग्न जुळवणारा मध्यस्थ अक्षता पडल्यावर निघून जातो, मांडवात मुक्काम करत नाही. तुझा उत्प्रेरकही तसाच असला पाहिजे. विक्रिया संपली की तो गाळून, चुंबकानं ओढून किंवा रेझिनवर धरून बाहेर काढता आला पाहिजे. त्यामुळं रचनेच्या पहिल्याच दिवशी दोन प्रश्न एकत्र विचार: हा आत जाऊन काय करेल, आणि बाहेर कसा येईल? लोहाच्या ऑक्साइडचे कण चुंबकानं ओढता येतात म्हणून लोक त्यांच्याकडं वळले, ते याच विचारानं.

५. रिकामी फेरी चुकवू नको

आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट भरपूर. एका वर्षी एका पोरानं शेतातली माती धुऊन, भाजून तिचा उत्प्रेरक केला. निकाल इतके सुंदर आले की आम्ही परिषदेला पाठवायचा सारांशही लिहून ठेवला. मग माझ्या मनात आलं, मातीशिवाय एक फेरी लावून बघू. तोच फ्लास्क, तीच वेळ, तेच तापमान, उत्प्रेरक काही नाही. उत्पन्न जवळजवळ तेवढंच आलं.

दोन दिवस झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी ढवळायची चुंबकी कांडी उजेडात धरली. पांढऱ्या टेफ्लॉनवर बारीक चरे होते आणि चऱ्यांत करडी रेघ बसली होती. मागचं वर्षभर त्याच कांडीनं झिंक ढवळलं गेलं होतं. नवी कांडी, नवा फ्लास्क घेऊन पुन्हा फेरी लावली, तेव्हा माती जवळजवळ काहीच करत नव्हती. सारांश फाडून टाकला. तो पोरगा आज चांगला शिक्षक आहे आणि रिकामी फेरी लावल्याशिवाय कुणाच्या वहीवर सही करत नाही.

म्हणून प्रत्येक उत्प्रेरकाला स्वतंत्र कांडी ठेव. काचेला सौम्य नायट्रिक आम्लाचं स्नान घाल. आणि हेही लक्षात असू दे, की बहुतेक बाटल्यांच्या पॉलिस्टरमध्ये ते बनवताना वापरलेलं अँटिमनी आधीच असतं, साधारण दहा लाखांत दोनशे-तीनशे भाग. कचरा स्वतःचा उत्प्रेरक घेऊन येतो. श्रेय कुणाचं हे ठरवायला रिकामी फेरी हाच एक साक्षीदार.

६. राखेचा मोह आवर, पण राख टाकून देऊ नको

तू वरूड-मोर्शीच्या संत्र्यांच्या जिल्ह्यात आहेस. मिझोरामच्या संशोधकांनी संत्र्याच्या सालीची राख वापरून पॉलिस्टर उसवून दाखवलं आहे. हे वाचलं की तुझ्या मनात येईलच: आपल्याकडं सालीही आहेत आणि पऱ्हाट्याही. कापूस वेचून झाला की धुऱ्यावर पऱ्हाट्यांचे ढीग लागतात. त्यांच्या राखेत पोटॅशियम भरपूर असतं. करून बघ, अवश्य बघ.

फक्त एक कसोटी लाव. ही राख घन उत्प्रेरक म्हणून काम करते, की तिच्यातून विरघळून निघालेलं पोटॅशियम कार्बोनेट? पापडखाराचं पाणी करताना आजी राख पाण्यात टाकायची आणि वरची निवळ घ्यायची, कारण काम निवळीचं होतं. तुझ्या फ्लास्कमध्येही तेच होत असेल. विक्रिया अर्ध्यावर आली की गरम असतानाच राख गाळून काढ आणि उरलेला द्रव पुढं तापवत राहा. विक्रिया थांबली तर काम राखेचं. चालू राहिली तर काम निवळीचं, आणि मग "घन, पुन्हा वापरता येणारा" असं लिहायचा तुला अधिकार नाही. लिहायचं ते असं: स्वस्त, विरघळणारा, स्थानिक. तेही कमी नाही.

७. रूपांतर आणि उत्पन्न एकाच तागडीत टाकू नको

पॉलिस्टर नाहीसं झालं हे रूपांतर, बीएचईटी हाती आलं हे उत्पन्न. या दोहोंच्या मधे अर्धवट उसवलेल्या साखळ्या असतात. शंभर टक्के रूपांतराचा आकडा मोठा दिसतो, पण विणकराला धागा त्या आकड्यातून मिळत नाही.

हिशेब तोंडपाठ ठेव. पॉलिस्टरच्या एका घटकाचा रेणुभार १९२, ग्लायकॉलचा ६२, बीएचईटीचा २५४. म्हणजे एक किलो पॉलिस्टरला किमान ३२३ ग्रॅम ग्लायकॉल लागतं आणि सगळं नीट झालं तर १३२३ ग्रॅम बीएचईटी मिळतं. समतोल आपल्या बाजूला झुकवायला प्रयोगशाळेत ग्लायकॉल याच्या कितीतरी पट घेतात, पॉलिस्टरच्या वजनाच्या चौपट, पाचपट. ते जादा ग्लायकॉल परत मिळवायला उष्णता लागते. म्हणून कमी ग्लायकॉलमध्ये चालणारा उत्प्रेरक दिसायला मंद असला तरी कारखान्याला तोच परवडू शकतो. हे गणित प्रत्येक निकालाच्या शेजारी लिही.

आणि सगळ्याचं वजन कर. गाळणकागदावरचं, कागदाखालचं, शीतकात चिकटलेलं. आत गेलेलं आणि बाहेर आलेलं जुळत नसेल तर निकाल जाहीर करू नको.

८. पाचव्या फेरीचा आकडा अर्ध्या वाटेवर मोज

"पाच वेळा वापरला, क्षमता तीच राहिली" असं वाक्य तुला पन्नास निबंधांत भेटेल. नीट बघ, प्रत्येक फेरी शंभर टक्के रूपांतरापर्यंत नेलेली असते. जे काम तासाभरात उरकतं त्याला तीन तास दिले, तर उत्प्रेरक निम्मा मेला तरी आकडा शंभरच येणार. म्हातारा बैलही दिवसभर दिला तर एकर नांगरतोच.

म्हणून वेळ इतकी कमी ठेव की पहिल्या फेरीत चाळीस-पन्नास टक्केच रूपांतर होईल. मग दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी तेवढ्याच वेळात थांबव. घसरण असेल तर लगेच दिसेल. ती दिसली तर लपवू नको. ती का झाली, ठाण्यांवर काजळी बसली की धातू विरघळून गेला, हे शोधणं म्हणजेच उत्प्रेरकाची रचना.

९. टेरीकॉटचा अभ्यास कर, तो आपला वारसा आहे

ब्रिटिशांनी १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड घेतला तेव्हा त्यांचा डोळा कापसावरही होता. आपला कापूस लँकशरच्या गिरण्यांत जायचा. त्याच लँकशरमध्ये १९४१ साली कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनच्या प्रयोगशाळेत व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिस्टरचा धागा शोधला. आपल्या कापसाची गाठ त्या धाग्याशी पडली ती टेरीकॉटमध्ये, आणि आता तोच कचरा होऊन आपल्या दारात आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्यान उभं राहतंय. एक हजार एकरांच्या त्या प्रकल्पाचं भूमिपूजन २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्यातून झालं. जिथं कापड होईल तिथं कातरण होईल, आणि ते निव्वळ पॉलिस्टरचं नसेल.

आनंदाची गोष्ट अशी, की ग्लायकॉल पॉलिस्टरला उसवतं आणि कापसाला बहुतांशी तसाच ठेवतं. गरम असताना गाळलं की कापसाचा लगदा गाळणीवर आणि बीएचईटी खाली. डेलावेअर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये झिंक ऑक्साइड आणि सूक्ष्मलहरी वापरून मिश्र कपड्यांतलं पॉलिस्टर पंधरा मिनिटांत उसवून दाखवलं. कापूस आणि नायलॉन वेगळे काढता आले. पण उत्प्रेरक जास्त आम्लधर्मी असला तर कापूस जळतो, पिवळा पडतो. म्हणून तुझ्या कसोटीत कापसाची अवस्थाही मोज. वऱ्हाडातल्या संशोधकानं कापसाला कचरा समजू नये.

१०. आपल्या हवेचं भान ठेव

पुस्तकातलं "खोलीचं तापमान" पंचवीस अंश असतं. मे महिन्यात अकोल्यात खोलीच चाळिशीला टेकते. गरम पाण्यातून गाळलेलं बीएचईटी टेबलावर ठेवून स्फटिकांची वाट बघत बसशील तर निम्मं द्रावणातच राहील. चंचुपात्र आधी माठाच्या पाण्यात आणि मग शीतकपाटात चार-पाच अंशांना रात्रभर ठेव. सकाळी काढशील तेव्हा काचेच्या भिंतीवरून आत वाढलेल्या बारीक पांढऱ्या सुया दिसतील. चंचुपात्र तिरकं केलं की त्या एकमेकींवर घासल्याचा आवाज येतो. वाळव आणि द्रवणांक बघ. एकशे नऊ-दहा अंशांना लख्ख वितळलं तर माल चोख. वितळणं लांबत गेलं तर आत दुहेरी साखळ्या आहेत.

ग्लायकॉल १९७ अंशांना उकळतं. एवढ्या तापमानाला पाण्याचा शीतक लावायची गरज नसते. लांब हवाशीतक पुरतो, आणि तापलेल्या काचेला गार पाण्याचा झटका बसून ती तडकण्याची भीतीही राहत नाही. ज्या गावात नळ रोज येत नाही तिथं दिवसभर नळ सोडून ठेवायचा प्रयोग करू नये.

पावसाळ्यात उलटं. ग्लायकॉल हवेतलं पाणी ओढतं, कापड तर ओढतंच. त्या पाण्यानं साखळीच्या टोकांना आम्ल तयार होतं, आणि त्यातून डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ वाढते. ती नव्या धाग्यात शिरली की धागा लवकर मऊ पडतो. तुकडे एकशे दहा-वीस अंशांना काही तास वाळव, ग्लायकॉलची बाटली घट्ट ठेव, आणि वहीत त्या दिवशीची हवा लिही. जूनचे आणि मेचे निकाल जुळत नाहीत तेव्हा ती ओळ उपयोगी पडते.

११. ग्लायकॉल गोड असतं, म्हणून जास्त धोक्याचं

रंग नाही, वास जवळजवळ नाही, चव गोडसर. पोटात गेलं तर मूत्रपिंडं जातात, जीवही जातो. आपल्या कामाचा कच्चा माल पाण्याच्या बाटल्याच असतात, त्यामुळं चूक व्हायला वेळ लागत नाही. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधी, एक मिनिटही, ओतून ठेवू नको. प्रयोगशाळेत झाडायला येणाऱ्या मावशींना स्वतः बाटली दाखवून सांग. नुसती चिठ्ठी लावून भागत नाही.

गाळणीखालच्या पाण्याचंही तेच. त्यात ग्लायकॉल असतं, झिंक असतं, कपड्याचा रंग असतो. ते पाणी इथल्या मोर्णा नदीत जायचं नाही, तिकडच्या पेढी नदीतही नाही. जो उत्प्रेरक कचरा संपवून गढूळ पाणी मागं ठेवतो, त्यानं काम अर्धंच केलं. त्या पाण्याची वाट तुझ्या प्रबंधात लिहिलेली असली पाहिजे.

१२. शेजारच्यांचं काम आधी वाच

आपल्या लोकांनी यात जुनं आणि चोख काम केलंय. जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात एस. मिश्रा, ए. एस. गोजे, व्ही. एस. झोपे यांनी या शतकाच्या सुरुवातीलाच पाण्यानं, दाबाखाली पॉलिस्टर उसवण्याचा वेग आणि त्याचं ऊष्मागतिकी गणित मांडलं. मुंबईत माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत, जुन्या लोकांच्या तोंडी असलेल्या यूडीसीटीत, एस. आर. शुक्ला आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जड धातूंऐवजी धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडाही त्यांच्या तोडीचं काम करतो हे दाखवलं. २००८ मध्ये पिंगळे आणि शुक्ला यांनी सूक्ष्मलहरी वापरून आठ तासांचं काम पस्तीस मिनिटांवर आणलं. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या अवनखेडला पॉलिजेंटानं बाटल्यांपासून ग्लायकॉलच्या वाटेनं धागा काढणारा कारखाना उभा केला. हे सगळं एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाच्या आत आहे. वाचल्यावर भेटायलाही जा.

जगाचंही वाच. जपानी संशोधकांनी २०१६ साली पॉलिस्टर खाणारा जिवाणू जगापुढं आणला, आणि २०२० मध्ये फ्रेंच संशोधकांनी सुधारलेल्या विकरानं बहात्तर अंशांवर दहा तासांत नव्वद टक्के पॉलिस्टर उसवलं. पण त्यासाठी तुकडे आधी वितळवून झटकन गार करावे लागतात, म्हणजे घट्ट बसलेल्या साखळ्या सैल होतात. ताणून घट्ट केलेला धागा विकराला आवडत नाही. हेही आपल्यालाच शिकवणारं: उत्प्रेरक कितीही चांगला असो, समोरच्या कापडाची वीण बघूनच तो निवडावा लागतो.

आणि या सगळ्याला आता बाजारही आहे. केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी कडक प्लास्टिकच्या वेष्टनांत पुनर्चक्रित मालाचं प्रमाण २०२५-२६ साठी तीस टक्के ठरवलं, आणि ते दरवर्षी दहानं वाढवत २०२८-२९ मध्ये साठवर न्यायचं ठरवलं. म्हणजे तुझा प्रबंध पूर्ण होईल त्या सुमाराला कुणीतरी तुझ्या दाराशी येऊन विचारणार आहे, "पोरी, तुझा उत्प्रेरक खऱ्या कचऱ्यावर चालतो का?" त्या दिवशी "हो" म्हणता यावं, एवढ्यासाठीच हे सगळं.

आजी उसवलेला दोराही टाकायची नाही. तुटलेले तुकडे वेगळे, लांब दोरा रिळावर. लुगडं धुऊन घडी घालून ठेवायची, सुई पुन्हा डबीत. सगळं उरकल्यावर ओसरीवर एक काडी पडलेली नसायची. कापड, दोरा, सुई, तिन्ही आपापल्या जागी परत गेले की ती म्हणायची, "झालं." तुझ्या फ्लास्कमध्ये कापड म्हणजे बीएचईटी, दोरा म्हणजे ग्लायकॉल, सुई म्हणजे उत्प्रेरक. तिन्ही परत मिळाले की तूही "झालं" म्हण. त्याआधी नको.

सोबत माझा एक जुना टेरीकॉटचा सदरा पाठवतोय. कॉलेजातले शेवटचे दिवस मी त्यातच काढले. कॉलर विरली आहे, खिशावर शाईचा डाग आहे. बटणं मी काढलेली नाहीत, कॉलरच्या आतलं अस्तरही तसंच आहे, आणि शिलाईचा दोरा कशाचा आहे ते मला माहीत नाही. शुद्ध दाण्यांवर तुझे प्रयोग जमले की हा सदरा घे. आधी प्रत्येक भाग वेगळा कर, प्रत्येकाचं वजन लिही, मग फ्लास्क लाव. त्यातून पांढऱ्या सुया निघाल्या, तर त्या एका छोट्या बाटलीत भरून घेऊन ये. त्या बघायला मी अकोल्यात आहेच.